मोरीमागचा अळू

सोसायटीच्या मागे मोरीचा पाइप गळतो, तिथे पेव्हर ब्लॉकच्या फटींतून अळू पुन्हा वर आलाय. गेल्या महिन्यात सेक्रेटरींनी तो सगळा उपटून टाकला होता. "हौस असेल तर गच्चीवर कुंड्या ठेवा," असं तळमजल्यावरच्या मालतीकाकूंना सुनावलंही होतं. पण हातात आली ती नुसती पानं आणि देठ. गड्डे जमिनीतच राहिले.

शहरातल्या बागांचा इतिहास म्हटला की लोकांना कारंजी आणि उद्घाटनाच्या कोनशिला आठवतात. मला आमच्या चाळीची मोरी आठवते. गाव सोडून आलेल्या बायांना तिथे अंगण मिळालं नाही, म्हणून त्यांनी सांडपाण्यावरच अळू लावला. परवानगी मागितली नाही. मागितली असती तर दिली कुणी असती? त्यांना कुणी बागवान म्हटलं नाही, पण चाळीतल्या सणाच्या ताटात वडी त्यांच्याच अळूची असायची.

सेक्रेटरींनी उपटलेली पानं काकूंनी त्याच दिवशी गोळा केली आणि संध्याकाळी वड्यांची ताटली घेऊन त्यांच्याच दारात गेल्या.

"वा, काकू! अळू कुठून आणलात?"

"तुम्हीच नाही का काढून दिलात?" काकू म्हणाल्या. "पुन्हा येईल, तेव्हाही असाच काढून द्या."