वरच्या तळ्यातले पट्टेरी

माझा धाकटा भाऊ वेल्डर. लोखंडी फाटकं, खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाऊन गळ टाकायचा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गळवाल्यांच्या क्लबात त्याला जमदग्नी म्हणत, आणि तो ते कौतुक समजे. लहानपणी शेजारच्या पोराने त्याचा गळ तोडला, तर याने त्या पोराचा दात पाडला. आईने त्याला बदडून काढलं आणि मग मी त्याला जेवू घातलं. मी त्याची ताई.

मासा मारायला त्याच्याकडे आखूड सोटा होता, टोकात शिसं ओतलेला. मासा काठावर आला की डोक्यात एक घाव, खेळ खलास. "तडफडत ठेवणं पाप," म्हणायचा. माणसांच्या बाबतीत त्याला असलं पापपुण्य आठवत नसे.

आमचे हे त्याच क्लबाचे सचिव. दिवसभर औषधांच्या दुकानात, संध्याकाळी तळ्यावर. स्वभावाने अगदी गरीब गाय. खालच्या मोठ्या तळ्यातले देशी चंदेरी मासे रोडावले, सभासद कमी व्हायला लागले, तेव्हा बाहेरच्या देशातले पट्टेरी मासे आणून सोडावेत, असं सभेत यांनीच सुचवलं.

"पट्टेरी जोर लावतो, काठी वाकवतो," हे म्हणाले. "तरुण पोरांना तेच हवंय. नाहीतर क्लबाला कुलूप लावावं लागेल."

"आणि तो खाणार काय?" भाऊ उठून उभा राहिला. "आपल्याच माशांची पिल्लं. दाजी, पाहुण्याला ओसरी देतात, स्वयंपाकघर देत नाहीत."

"मला विचाराल तर," क्लबातला न्हावी म्हणाला, "देशी काय नि परदेशी काय, तेलात पडला की सारखाच."

सगळे हसले. भावाने खुर्ची उचलून फेकली. न्हाव्याचं कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. तरी ठराव पास झालाच. मासे घेऊन टँकर आला त्या दिवशी भावाने त्याचे टायर फाडले, पण मासे काही थांबले नाहीत. शेवटी तडजोड म्हणून वरचं छोटं तळं, जुन्या खाणीत साचलेलं, देशी माशांसाठी राखायचं ठरलं. ती राखण भावाने अंगावर घेतली. एका अनोळखी माणसाने बादली दाखवायला नकार दिला म्हणून याने त्याला कपड्यांसकट पाण्यात ढकललं आणि वर येऊ पाहणाऱ्या बोटांवर बूट ठेवला.

जुन्या गळवाल्यांची एक रीत आहे. खालच्या तळ्याच्या काठाला फडक्यात बारीक पिल्लं धरायची, आमिष म्हणून जिवंतच बादलीत न्यायची, आणि दिवस संपला की उरलेली घरी न आणता जिथे असाल तिथे पाण्यात सोडायची. पाण्याचं पाण्याला. भाऊ ही रीत कटाक्षाने पाळायचा आणि न पाळणाऱ्याला शिव्या घालायचा.

काही वर्षं गेली आणि एका सकाळी वरच्या तळ्यात त्याच्या गळाला हातभर पट्टेरी लागला.

तो तडक क्लबाच्या खोलीत गेला. हे खिडकीपाशी बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होते. न्हावी समोरच होता, पुढचं मला त्याच्याकडून कळलं. भावाने मासा टेबलावर आपटला.

"दाजी, हा वर कसा आला?"

"मला खरंच माहीत नाही रे."

"तुम्हीच सोडलात. ठराव तुमचा, मासे तुमचे."

"अरे, मी कशाला..."

सोटा फिरला. चष्मा फुटला आणि काच डोळ्यात घुसली. हे खाली पडले, तरी त्याने बरगड्यांवर आणखी घातले, न्हाव्याने मागून मिठी मारून ओढेपर्यंत. डॉक्टरांनी डोळा काढून टाकला.

कोर्टात साक्ष मी दिली. आईने माझ्याशी बोलणं सोडलं. रक्ताच्या नात्याचं मला कुणी शिकवू नये, रक्त मीही पुसलं होतं, सदऱ्यावरचं आणि उशीवरचं. भाऊ तुरुंगात गेला आणि शिक्षा भोगून आला. भर बाजारात मला गाठून म्हणाला, "डोळ्याचं मला वाईट वाटतं, ताई. पण मासे त्यांनीच सोडले." मी त्याच्या पायाशी थुंकले.

कारण लोकांनाही तेच वाटत होतं. क्लबाने यांना काढून टाकलं होतं. औषधं घ्यायला आलेली माणसं यांच्याकडे चोराकडे पाहावं तशी पाहायची. मला एवढंच हवं होतं की भावाने आमच्या दारात यावं आणि म्हणावं, तुम्ही सोडले नव्हते.

तो आला नाही. त्याने वरचं तळं रिकामं करायचा घाट घातला. पंप लावले, पाणी उपसलं आणि चिखलात वळवळणारे पट्टेरी सगळ्यांनी मिळून ठेचले. एकेकाचं पोट फाडलं की आत देशी मासे निघत, अर्धे विरघळलेले. भाऊ कोपरापर्यंत लाल झाला होता. जिवंत देशी मासा एकही सापडला नाही.

तळं पुन्हा भरलं की त्यात सोडायला देशी पिल्लं हवीत म्हणून त्याने खालच्या तळ्याच्या काठाला, नेहमीच्याच जागी, फडकं लावलं. पिल्लं आणून वर्कशॉपमधल्या पिंपात ठेवली. काही दिवसांनी पिंपातली पिल्लं कमी व्हायला लागली. उरलेली बोटभर झाली आणि त्यांच्या अंगावर पट्टे उमटले.

पट्टेरीच्या बारक्या पिल्लाला पट्टेच नसतात. ते हुबेहूब देशी दिसतं. हेच आमिष भाऊ दर सुट्टीला वर नेत होता आणि उरलेलं आपल्या हाताने वरच्या तळ्यात सोडत होता.

हे सगळं त्याने स्वतःच सांगितलं, आमच्या अंगणात, हातात बादली धरून.

"दाजी, तुम्ही नव्हते सोडले. मी सोडले."

या एका वाक्यासाठी मी आसुसले होते. ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

यांनी बादली फरशीवर उलटी केली. पिल्लं उड्या मारायला लागली. यांनी कुंडीखालची वीट काढली आणि एका पिल्लावर मारली. वीट वीतभर बाजूला बसली. पुन्हा मारली, पुन्हा चुकली.

"अंतर कळत नाही त्यांना," मी म्हणाले. "चहा कपाबाहेर ओततात. कुलपाला किल्ली लागत नाही. रोज पाहते मी."

भाऊ ते पहिल्यांदाच पाहत होता. तो गुडघ्यांवर बसला. त्याने एक पिल्लू दोन बोटांत फरशीवर दाबून धरलं.

"दाजी, इथे मारा."

यांनी मारलं. मासा गेला आणि बोटंही ठेचली. भावाने त्याच हाताने दुसरं पिल्लू धरलं. यांनी वीट खाली ठेवली, मग पुन्हा उचललीच. त्या हातावर त्याचं पोट होतं. नखं काळी पडली, मधलं बोट वाकडं झालं, तो धरत राहिला आणि हे मारत राहिले.

मी उंबऱ्यात उभी होते. शेवटचं पिल्लू संपेपर्यंत मी त्यांना थांबा म्हटलं नाही.