आत्याबाईचं आलवण

माझ्या यजमानांची आत्या आमच्याजवळ मुलुंडला राहत असे. मीही तिला सगळ्यांसारखी आत्याबाईच म्हणे. बाराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून डोक्यावर केस नाहीत आणि अंगावर आलवण. आता ते लाल लुगडं कुणी नेसत नाही. त्या काळी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांनी, आमच्या आळीत तशी ती एकटीच उरली होती.

तिच्याजवळ दोन आलवणं होती, दोन्ही तिच्या गावच्या रंगाऱ्याने आल नावाच्या झाडाच्या मुळांत रंगवलेली. ती म्हणे, "या रंगाला पाण्याची भीती नाही. उलट धुता धुता खुलतो." ते खरंच होतं. मी वर्षानुवर्षं ती पिळली, पण माझ्या हाताला कधी रंग लागला नाही. पण कापड ते कापड. एक फाटून त्याची फडकी झाली, दुसरं ठिगळं लावूनही टिकेना. तो रंगारी कधीच वारला होता आणि त्याची मुलं गिरणीत लागली होती. बाजारात तसलं लुगडं मिळेना.

चैत्र लागला. आत्याबाई वर्षभर कुठे जात नसे. कुणाकडे बारसं नाही, लग्न नाही. फक्त रामनवमीला देवळात जायची आणि खांबाला टेकून पाळणा ऐकायची. तेवढं एक तिचं स्वतःचं होतं. फाटकं नेसून ती गेली नसती.

यजमानांनी एक पांढरं लुगडं आणि वाण्याकडून लाल रंगाची पुडी आणून दिली. म्हणाले, "घरीच रंगव. आता सगळे हेच वापरतात."

पुडीवर लिहिलं होतं की पाण्यात मूठभर मीठ घालून कापड अर्धा तास उकळावं. मी ते दोनदा वाचलं आणि थबकले. आत्याबाईचं सोवळं कडक. पाणी आणि मीठ घालून शिजवलं की ते खरकटं, असं तीच मला शिकवत आली होती. मग मिठात शिजवलेलं लुगडं ती देवापुढे कशी नेसणार? जाऊन विचारायला हवं होतं. पण मला कुणाला काही विचारायचा धीरच होत नसे. मी मीठ घातलं नाही आणि उकळलंही नाही. रॉकेलच्या डब्यात कढत पाणी ओतलं, रंग कालवला, लुगडं बुडवून ठेवलं. वाळल्यावर रंग झकास दिसला. आत्याबाईने ते स्वतः एकदा विहिरीवर खळबळलं. पाणी लाल झालं, तर म्हणाली, "नवं आहे, थोडा जायचाच."

रामनवमीच्या दुपारी देवळात बायकांची दाटी होती. वर पत्रा तापलेला. आत्याबाई खांबाजवळ, मी तिच्यापासून चार बायका सोडून. पाळणा सुरू व्हायचा होता. एवढ्यात आमच्या समोरच्या खोलीतली बाई मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! आत्याबाई, आज कुंकू लावून आलात होय?"

दोघी-तिघी हसल्या.

मी पाहिलं. डोक्यावरच्या पदराचा रंग घामाबरोबर उतरून दोन भुवयांच्या मधोमध आला होता. आत्याबाईने कपाळाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. मग पदराने पुसलं, तसं सगळं कपाळच लाल झालं. ती उठली आणि पाळण्याआधीच घरी गेली.

मी तिच्यामागे उठले नाही. सगळ्यांच्या देखत उठायची मला लाज वाटली.

घरी आले तर ती मोरीत बसून नारळाच्या शेंडीने कपाळ घासत होती. कातडी सोलवटली होती.

"पुडीवर काय लिहिलं होतं गं?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"मग मीठ का नाही घातलंस?"

"खरकटं होईल म्हणून."

तिने शेंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, ते काय मी खाणार होते? विचारायचंस तरी मला."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मीठ घालून उकळायला लावून लुगडं पुन्हा रंगवून घेतलं. या वेळी रंग बसला. पण ते नेसून ती अंगणापलीकडे गेली नाही. यजमान म्हणाले, "आत्या, पांढरं नेस ना. आता कोण नावं ठेवतंय?" ती म्हणाली, "पन्नास वर्षं हेच नेसले रे. आता पांढऱ्यात मी मलाच ओळखू यायची नाही."

पुढच्या रामनवमीला मी एकटीच देवळात गेले. समोरच्या बाईने सरकून मला जागा केली. "आत्याबाई नाही आल्या?"

सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "तुम्ही हसलात म्हणून नाही आल्या. आणि मी रंग नीट लावला नाही म्हणून."

मी उभ्यानेच पाळणा ऐकला आणि सुंठवडा पदरात बांधून घरी आणला. आत्याबाईने तळहात पुढे केला.

"यंदा गर्दी होती का गं?"

"होती," मी म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही.