आकारामाची मान आणि हंबीररावाचा फोटो

आकाराम लढाईवरून परत आला तेव्हा गावानं आधी त्याच्या ट्रंकेकडं बघितलं आणि मग त्याच्याकडं. साल सेहेचाळीस, दिवाळी चार दिवसांवर आलेली. गाव उंब्रजपासून दीड कोसावर, घरटी एक गडी पलटणीत धाडणारं. सुटून आलेला गडी ट्रंकेतनं काय काढतो, यावर त्याची किंमत ठरायची. कुणी बूट आणले, कुणी ब्लँकेटं आणली. एकानं तर इराणातनं गालिचा आणला आणि त्यावर रेडकू बांधलं. आकारामानं ट्रंक उघडून काढली ती एक काळी पेटी. शेराच्या मापाएवढी, आणि तोंडावर एकाखाली एक असे दोन काचेचे डोळे.

"ह्ये काय रं?" त्याची आई हरणाबाई म्हणाली.

"कॅमेरा हाय, आई. फोटू काढायचा."

"आन् बाकीचं सामान?"

"बाकीचं देऊनच ह्यो घेतलाय."

खरं होतं ते. इटलीत एका उपाशी म्हाताऱ्याला दोन ब्लँकेटं, सिगारेटचे आठ डबे आणि पायातले नवे बूट देऊन त्यानं तो घेतला होता. तिथनं छावणीपर्यंत चिखलातनं अनवाणी आला, आणि सुभेदाराची शिक्षा वर मिळाली. पण गडी खूश! लहानपणी विटी हरवली म्हणून जेवण सोडणारं पोर ते. एकदा मनात भरलं की भरलं.

आता ह्या कॅमेऱ्याची तऱ्हा ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसे. गळ्यात पट्टा अडकवून तो पोटापाशी धरायचा. वरचं झाकण उघडलं की आत एक चौकोनी काच. समोरचा माणूस त्या काचेत उमटायचा, तोही उजव्याचा डावा होऊन. त्याला बघायचं तर मान खाली वाकवून पेटीत डोकं घालावं लागे. एका रोलवर बारा फोटो. रोल सांगलीहून यायचा, तोही आला तर आला. लढाई संपली तरी टंचाई संपली नव्हती. धुवायला कराडच्या फोटोवाल्याकडं द्यायचा. त्यामुळं आकाराम एकेक फोटो असा काढायचा, जसा कंजूष माणूस पाहुण्याला तूप वाढतो.

गावाला कॅमेऱ्याचं कौतुक आठ दिवस टिकलं. मग एकाची म्हैस आटली, ती आकारामानं फोटो काढल्यामुळं. एकीच्या लेकराला गोवर आला, तोही त्याच्यामुळंच. बाया पाणवठ्यावर त्याला बघितलं की पदर ओढून पाठ फिरवायच्या. पोरं ओरडायची, "दोनडोळ्या आला!" पण आकारामाला डसणारं खरं माणूस घरातलंच होतं. त्याचा थोरला चुलतभाऊ, हंबीरराव.

हंबीरराव म्हणजे गावचा पाटील. सहा फुटांना दोन बोटं कमी, मिशा वळलेल्या, डोईला बारा हाती पटका. दोघांच्या आज्यानं खणलेली एक विहीर मळ्यात होती. आठवड्यातले चार दिवस मोट हंबीररावाची, तीन दिवस आकारामाची, अशी वाटणी बापजाद्यांपासूनची, दिवसाच्या मोटाही मोजून ठरलेल्या. आकाराम सहा वर्षं लढाईवर होता. तेवढ्यात हंबीररावानं ते तीन दिवसही गिळले. घरी एकटी म्हातारी, ती कुणाच्या जिवावर मोट धरणार? आकाराम आल्यावर सरळ विहिरीवर गेला.

"आबा, सोमवारपासनं माझी पाळी."

"कसली पाळी? सहा वर्सं कुठं हुतास?"

"बादशाच्या कामावर."

"मग बादशाकडनंच पाणी माग की." शेजारी हंबीररावाचा सालगडी गुंडा उभा होता, तो फिस्सकन हसला. तसा हंबीरराव आणखी फुलला. "न्हाईतर असं कर. चावडीत ये, चार माणसांत माझ्याफुडं मान वाकव. मग बघू."

आकारामाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्या दिवसापासून त्याच्या तोंडातला 'आबा' गेला तो गेलाच. "हंबीरराव, जर्मनाच्या तोफंफुडं जी वाकली न्हाई, ती तुझ्याफुडं वाकंल व्हय? वाकवली तर आईचं दूध प्यालो न्हाई म्हण!"

शपथ सोपी असते, ऊस अवघड असतो. थोड्याफार ओलीवर आकारामानं पाऊण एकर लावण केली. पौष-माघ कसाबसा निघाला. फाल्गुनात पानांची टोकं वळायला लागली. म्हातारी रोज बांधावर जाऊन यायची आणि एक वळलेलं पान आणून चुलीपुढं ठेवायची. ते पानच आकारामाला जास्त लागायचं.

अशात उंब्रजचा बाजार आला. माणदेशाकडचा एक धनगर आपला मेंढा घेऊन आला होता. टकरीत सात मेंढ्यांची शिंगं मोडलेला. धनगराला मेंढ्याचा फोटो पाहिजे होता, स्वतःचा नको. आकाराम बाजारात उभा राहिला, कॅमेरा पोटाशी धरला आणि मान वाकवून काचेत मेंढा शोधायला लागला. मेंढा हलायचा, आकाराम वाकलेलाच. तेवढ्यात हंबीरराव आणि गुंडा तिथनं चालले होते.

"आबा, बघा बघा! मेंढ्याला मुजरा घालतोय!"

हंबीरराव थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या मिशा हळूहळू वर सरकल्या. गुंडा नंतर सांगायचा, "आबांच्या डोसक्यात दिवा पेटल्याला मला भायेरनं दिसला."

चारच दिवसांनी हंबीररावानं स्वतः होऊन पंच बोलावले. पंचांत वडीलधारा म्हणजे कोंडीबा, नव्वदीचा, दात एकही नाही, पण शब्द पक्का. हंबीरराव त्यांच्यापुढं असा मऊ बोलला की लोण्यानं लाजावं.

"भाऊबंदकी किती दिवस ठिवायची? मला माफी नगं, दंड नगं. माझा एक फोटू आकारामानं काढावा, चावडीफुडं, गावादेखत. काढला की येत्या सोमवारपासनं त्याची पाळी चालू."

पंच एकमेकांकडं बघायला लागले. केवढ्या मोठ्या मनाचा पाटील! कोंडीबानं फक्त विचारलं, "फोटू काढला की पाळी. दुसरी काय अट?"

"न्हाई. भैरोबाची आण."

मनातली खरी अट पंचांपुढं बोलायला त्याला लाज वाटली. पाटलाच्या तोंडी ती हलकी दिसली असती. पण संध्याकाळपर्यंत गुंडानं ती गावभर केली. "आबा खुर्चीवर बसणार. आकाराम म्होरं वाकणार. आबा चांगलं घटकाभर हलत ऱ्हाणार, म्हंजी त्योबी घटकाभर वाकलेला!" सलूनात, पिठाच्या गिरणीत, पारावर, दुसरा विषय नाही. आकारामानं वाकावं की नाही यावर दोन घरांत भांडणं लागली.

आकाराम घरात बसला. कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता. म्हातारी म्हणाली, "घाल वाकून. म्या मोकळा करती तुला माझ्या दुधातनं."

"तू मोकळा करशील गं. माझं काय?"

"तुझं काय? ऊस जळाला मंजी मान खाऊन ऱ्हाणार हाईस?"

आकाराम चिडून गोठ्यात गेला. कॅमेरा कधी छातीशी धरून बघ, कधी डोळ्यासमोर, कधी खांबाला टेकून. मान ताठ ठेवली की काचेत नुसतं आभाळ नाहीतर छप्पर. बैल त्याच्याकडं बघत रवंथ करत होते. दमला. काचेवर गोठ्यातली धूळ बसली होती, ती झाडायला त्यानं कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरला आणि खालनं वर फुंकर मारायला तोंड केलं.

काचेत म्हातारी दिसली. उंबऱ्यात उभी, कमरेवर हात. उलटी नाही, चांगली सुलटी, पायावर उभी.

"आई, हलू नगंस!"

"आता काय झालं तुला?"

"हलू नगं म्हंतोय न्हवं!" आणि गडी कॅमेरा डोक्यावर धरून, हनुवटी आभाळाला लावून, गोठ्यात गोल गोल फिरायला लागला. म्हातारीला वाटलं, पोराचं डोकं फिरलं.

गुरुवारी चावडीपुढं जत्रेएवढी माणसं. चावडीच्या ओट्यावर हंबीररावाची खुर्ची. म्हणजे आकाराम खाली धुळीत आणि हा कंबरभर उंच. कोट, पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी. आकाराम आला, खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाला, "तिथं न्हाई जमायचं."

"का? लगीच फाटली व्हय?"

"छपराची सावली हाय. सावलीत फोटू काळा येतो. तोंड कोळशागत दिसायला पायजे असंल तर बसा तितंच."

हंबीररावाला तोंड पाहिजे होतं. खुर्ची खाली उन्हात आली. दोघं एका पातळीवर आले, आणि गर्दीतनं कुणीतरी खोकलं. हंबीरराव बसला, मिशी पिळली.

"हं. वाक आता."

आकारामानं दोन पावलं मोजली, गळ्यातला पट्टा काढला. कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, पालथा केला आणि सरळ डोक्यावर उचलला. मान मागं टाकली. छातीपासून हनुवटीपर्यंत गळ्याची शीर न् शीर ताणलेली. असा उभा, की परेडीत सुभेदारानंही शाबासकी दिली असती.

"ह्यो काय चावटपणा?" हंबीरराव खुर्चीतनं अर्धा उठला.

"बसा. हललात तर फोटू हलंल."

"खाली कर त्यो! सरळ धर!"

"धरायचा कसा त्ये मला शिकवू नगा. मोट कशी हाणायची त्ये तुमास्नी शिकवाय आलो व्हतो का म्या?"

"आरं, मान—" आणि तिथं हंबीरराव अडकला. पुढचा शब्द तोंडात होता, पण समोर पंच बसले होते आणि भैरोबाची आण ताजी होती. तो तसाच, तोंड उघडं, डोळे वटारलेले, थांबला. तेवढंच आकारामाला हवं होतं. खटका पडला. बारावा फोटो संपला.

हंबीरराव कोंडीबावर ओरडला, "ह्यो फोटू न्हवं! ह्यानं माकडचेष्टा केली!"

कोंडीबानं बोळकं चघळलं. "पाटील, खटका म्या कानानं ऐकला. नव्वदीच्या माणसाला ऐकू आला, मंजी पडलाच की. सोमवारी मोट सोडा."

फोटो पंधरा दिवसांनी कराडहून आला, पोस्टकार्डाएवढा. आकारामानं तो आधी बघितला आणि हसू आवरेना. त्यानं हे ठरवून केलं नव्हतं. कॅमेरा सात फुटांवरनं खाली बघत होता, हंबीरराव खुर्चीत बसलेला. वरनं बघितल्यावर माणसाचं काय होतं, तेच त्याचं झालं होतं. पटका टोपल्याएवढा, पटक्याखाली उघडं तोंड, तोंडाखाली पोट, आणि पोटाला लगोलग चिकटलेले जोडे. पाय नाहीतच. सहा फुटांचा पाटील मडक्याएवढा उरला होता.

फोटो पंचांकडं दिला, म्हणजे गावाकडंच. कोंडीबानं तो उन्हात धरला. "पाटील हाईत खरे," म्हणाला, "पण आटल्यात." तीन दिवस पारावर दुसरं काही चाललं नाही. पोट धरून हसली ती हरणाबाई. सहा वर्षांचं हसू एकदम काढलं तिनं. चौथ्या दिवशी हंबीररावानं फोटो मागवून घेतला आणि चुलीत टाकला. त्याची बायको मनुबाई आतनं म्हणाली, "फोटूची मूळ पट्टी त्याच्याकडंच असती म्हंत्यात. त्यो तिच्यावरनं पायजे तितके काढंल." त्या दिवशी हंबीरराव जेवला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तो स्वतः विहिरीवर आला. एकटाच, गुंडाला त्यानं रानात पिटाळलं होतं. आकारामाचे बैल धावेवर होते, मोट वर येत होती. हंबीरराव मोट ओततात त्या थारोळ्याच्या दगडावर बसला. आपल्या विहिरीवर परक्यासारखं बसायची त्याला सवय नव्हती.

"परत काढ."

"काय?"

"त्यो फोटू. उभा काढ. म्या तुला आठवड्यातला आनी एक दिवस देतो. पाच... न्हाई, चार तुझे, तीन माझे."

आकारामानं बैल थांबवले. एवढं पाणी म्हणजे ऊस तर वाचेलच, वर हरभराही निघेल. म्हातारी इथं असती तर हो म्हणाली असती. त्यानं हंबीररावाच्या डोळ्यांत बघितलं. त्यात भावाची माया असती, अगदी चिमूटभर जरी असती, तरी गडी पाघळला असता. होती ती नुसती उंचीची भूक.

"कसा काढू? वाकून का ताठ?"

हंबीरराव जमिनीकडं बघत म्हणाला, "वाकून."

"मग न्हाई. माझे तीन दिवस मला बास. तुमचे तुमी भोगा."

"माजलास!"

"दूध कुणाचं प्यालो त्ये ठावं हाय मला."

हंबीरराव उठून जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. दगडावर तसाच ठाण मांडून बसला आणि मोटा मोजायला लागला, मोठ्यानं, एक-एक. दिवसाच्या ठरलेल्या मोटांपेक्षा एक जरी जास्त हाणली तरी पंचांपुढं ओढीन म्हणाला. उन्हं उतरेपर्यंत बसला. घसा बसला तरी मोजत होता. पाट उसापर्यंत पोचला, सरी भरली, वाळकी माती पाण्याला चुरचुरत राहिली.

शेवटची मोट आली. हंबीररावानं आकडा सांगितला आणि उठून धोतर झटकलं. आकारामानं बैलांच्या शेपट्या पिळल्या, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक मोट ओतली.