हिच्या बाजूची लिंक

नट पूर्ण आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. रेघ नाही तोवर गाडी दाराबाहेर नाही.

हत्यारं जुन्या चादरीवर मांडायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. चादर कुणी ओलांडली तर सगळं उचलून, चादर झटकून, पुन्हा मांडायचं.

चहा मागायचा, विसरायचा, गार झाला की एका घोटात संपवायचा आणि म्हणायचं, "आज बरा झालाय."

मापं वहीत लिहायची नाहीत. भिंतीवर, खडूने.

गाडीला डावी-उजवी बाजू नसते. एक 'माझी' बाजू, स्टिअरिंगची. दुसरी 'हिची'. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "हिच्या बाजूचा टायर खाल्लाय." तो घाबरून म्हणाला, "अहो, माझं लग्न नाही झालं अजून."

आणि चालत्या गाडीत बोलायचं नाही. कुणीच. गाडी काय म्हणते ते ऐकायचं असतं.

या सगळ्या खोडी ओळंबा मिस्तरींच्या. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येतं. त्यांच्या गाडीच्या आरशाला दोऱ्याने एक नट टांगलेला आहे, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. त्याच्या मागे काचेला मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवलेला. गाडी वळली की नट सरकतो. किती सरकला ते मिस्तरी वाचतात. वर्कशॉप घराला लागूनच. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर गाड्यांची पोटं. डुलणाऱ्या, हेलकावणाऱ्या, वळणावर अंग टाकणाऱ्या गाड्या लोक लांबून त्यांच्याकडे आणत, आणि त्या शहाण्या होऊन परत जात.

एकच गाडी त्यांना जमत नव्हती. स्वतःची.

मुलीचं सासर घाटापलीकडे. एक्केचाळीस वळणं. तीन वर्षांपूर्वी तिचं नवं घर बघायला दोघं निघाले, तेव्हा सतराव्या वळणावर मिस्तरीणबाईंना उलटी झाली. गाडी मागे फिरली. त्यानंतर त्या घाटात गाडीने गेल्या नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून मिस्तरीही नाहीत. "जाऊ तर दोघं," एवढंच ते म्हणायचे. मुलगीच कधीमधी येऊन जायची. मग नात झाली. ती पंधरा महिन्यांची झाली, चालायला लागली, तरी आजोबांनी तिचा पाळणा पाहिलेला नव्हता.

या तीन वर्षांत त्यांनी त्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर बदलले. स्प्रिंगा बदलल्या. टायर बदलले. हिच्या बाजूची सीट दोनदा उसवून पुन्हा भरली. दर वेळी मिस्तरीणबाई चौकापर्यंत चक्कर मारून यायच्या आणि म्हणायच्या, "थोडं बरं वाटतंय. पण घाट नको."

शेवटी त्यांनी स्टॅबिलायझरचे जाड दांडे मागवले. पुढचा एक, मागचा एक. हा दांडा गाडीखाली आडवा बसतो. गाडी वळणावर एका अंगाला झुकायला लागली की तो पिळला जातो आणि तिला सरळ धरतो. त्याची दोन टोकं ज्या वीतभर सळ्यांनी चाकांकडे जोडतात, त्या लिंका. दोन दांडे, चार लिंका. कंपनीचा दांडा करंगळीपेक्षा थोडा जाड होता. नवा अंगठ्याएवढा.

"रविवारी दोघं येतो," त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं. "गाडीने. आईला कळणारसुद्धा नाही वळणं कधी संपली."

पलीकडे मुलीने आधी आईला विचारलंय का, ते विचारलं. मग म्हणाली, "या, बाबा."

शुक्रवारी पुढचा दांडा बसला. दोन लिंका, दोन पिवळ्या रेघा. शनिवारी दुपारी मिस्तरी गाडीच्या मागच्या भागाखाली आडवे होते. गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या त्यांनी मागच्या ॲक्सलखाली लावल्या होत्या, म्हणजे वजन चाकांवर असल्यासारखंच राहतं. लोंबत्या चाकावर लिंक आवळली तर रबराचा बुश कायमचा पिळलेला राहतो, हे ते प्रत्येकाला सांगत, विचारलं नाही तरी. दांडा बसला होता. त्यांच्या बाजूची लिंक आवळून तिच्यावर रेघही मारून झाली होती. हिच्या बाजूची खालून अडकवली होती. वरचा नट हातात होता.

तेवढ्यात दोन काळे बूट चादरीच्या कडेला येऊन थांबले.

"मिस्तरी?"

"खाली आहे. चादर ओलांडू नका."

"नाही बाबा. तुमची चादर म्हणजे सरहद्द. गोळी घालाल." आवाज घाटातल्या बसच्या कंडक्टरचा होता. त्याची जुनी गाडी मिस्तरींकडेच यायची. "एवढा काय खटाटोप चाललाय?"

"उद्या घाट चढायचाय. हिला गाडी लागते."

"कुणाला?"

"हिला. बायकोला."

कंडक्टर हसला. मग थांबला. मग पुन्हा हसला. "वहिनींना गाडी लागते? मिस्तरी, चेष्टा करता काय गरिबाची? चालत्या बसमध्ये विणकाम करणारी बाई आहे ती. तेही मागच्या चाकावरच्या सीटवर. तिथे मला स्वतःला मळमळतं, वीस वर्षांच्या नोकरीनंतर."

"दुसरी कुणी असेल."

"दुसरी कशी असेल? मी काय वहिनींना ओळखत नाही? एक बुधवार सोडून एक. सात दहाला जातात, पाचपर्यंत परत. मुलीकडे ना? हे काय, त्यांचंच द्यायला आलोय. बुधवारी सीटवर राहिलं."

गाडीखाली एक हात आला. हातात चष्म्याचं घर होतं. तपकिरी. त्याची बिजागरी तुटलेली होती आणि तिथे क्लच केबलची बारीक तार ओवलेली होती. ती तार मिस्तरींनीच ओवली होती. दोन्ही टोकं आत वळवली होती, बोटाला टोचू नयेत म्हणून.

नट त्यांच्या हातातून सुटला. छातीवर पडला, घरंगळला आणि कुठेतरी गेला.

"मिस्तरी? झोपलात काय?"

"एक लिंक राहिलीय," मिस्तरी म्हणाले.

"नसली एक तर काय होतं?"

"दांडा असून नसल्यासारखा. नुसता लोंबतो."

"म्हणजे शोभेचा."

"हं."

कंडक्टरने घर चादरीवर ठेवलं आणि सरळ चादरीवरून चालत निघून गेला. एक पाना त्याच्या बुटाने सरकला. चादर झटकायला मिस्तरी उठले नाहीत.

ते तिथेच पडून राहिले. डोक्यावर दांडा होता, नवा, चकचकीत. बुधवार म्हणजे त्यांचा शहराच्या दुसऱ्या टोकाला सुट्या भागांच्या बाजारात जायचा दिवस. सकाळी साडेसहाला निघायचं, दिवेलागणीला परतायचं. काही बुधवारी संध्याकाळी सकाळचंच जेवण पुढे यायचं आणि त्यांनी कधी का म्हणून विचारलं नव्हतं. मुलीच्या घरी पिवळे पडदे लावल्याचं बायकोने सांगितलं होतं, "फोनवर कळलं" म्हणून. पडद्याचा रंग फोनवर सांगतं का कुणी? सांगतही असेल. पण त्यावर उन्हाने पडलेले पट्टे? नातीच्या अंगात लाल स्वेटर होता. त्यांना वाटलं होतं, विकतचा. आणि मागच्या वेळी मुलगी आली तेव्हा नात धावत आजीकडे गेली होती. त्यांनी उचललं, तर अंग ताठ करून रडली. "माणूस ओळखत नाही अजून," असं ते तेव्हा हसत म्हणाले होते.

ती माणसं ओळखत होती.

संध्याकाळी ते मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. मिस्तरीणबाई भाजी चिरत होत्या. मिस्तरींनी ओट्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"सापडलं का? मला वाटलंच, बसमध्ये..." आणि सुरी थांबली.

नळ ठिबकत होता. मिस्तरींनी तो बंद केला. तरी ठिबकत राहिला.

"किती दिवस?"

"लेकीला तिसरा महिना लागला तेव्हापासून. दोन वर्षं होतील."

"लेकीला माहीत आहे?"

"दार तीच उघडते की, अहो."

"आणि ती उलटी?"

"ती खरी होती."

"मग बसमध्ये?"

"बसमध्ये नाही होत."

"असं कसं? बस तर दुप्पट झुकते. तिचा मागचा दांडा बघितलास तर..."

"अहो."

ते थांबले.

"सतरावं वळण," मिस्तरीणबाई म्हणाल्या. "आठवतं तुम्हाला?"

आठवत होतं. भिंतीवर खडूने लिहिलेलं अजून होतं. "बावीस अंश," ते म्हणाले.

"त्या एका वळणावरून तुम्ही मला चार वेळा फिरवलंत. उलटीची पिशवी होती माझ्या हातात. मी म्हणत होते, थांबवा. तुम्ही म्हणालात, गप्प, आवाज ऐकू दे."

"मागच्या बुशचा होता तो."

"मिळाला ना?"

"मिळाला."

"झालं तर." त्यांनी चिरलेली भाजी ताटलीत एका बाजूला सारली. "मला काही सांगायचं होतं तेव्हा. लेकीच्या घरी पोचायच्या आत. तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं."

"काय?"

"आता विसरले."

मिस्तरी स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो रस्ता आला, तो नट, ते बावीस. बायकोचा चेहरा काही येईना. त्यांनी आठवून पाहिला. हिच्या बाजूला कोणी बसलेलंच दिसेना.

"बसने जाते असं मला सांगायचं होतंस."

"बसने जाऊ या म्हटलं होतं. दोघं. तुम्ही म्हणालात, मिस्तरीची बायको बसच्या रांगेत दिसली तर उद्या मला गाडी कोण देईल."

हेही त्यांना आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं.

"मी तीन वर्षं गेलो नाही," ते म्हणाले. "तुझ्यासाठी."

"माहीत आहे." मिस्तरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तिथेच तर अडलं सगळं. दर काही महिन्यांनी तुम्ही त्या गाडीला काहीतरी आणून लावायचात. माझ्यासाठी. आधी एक बुधवार सांगितला नाही. मग दोन झाले. मग स्प्रिंगा आल्या. स्प्रिंगा आल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?"

जेवण झालं. मिस्तरींनी चहा मागितला नाही.

रविवारी सकाळी सहालाच ते गाडीखाली होते. नट सापडला. तो घोडीच्या पायाशी गेला होता. लिंकचं वरचं टोक दांड्याच्या भोकात बसवायचं, नट चढवायचा, आवळायचा, रेघ मारायची. मग घोड्या काढायच्या. पंधरा मिनिटं. त्यांनी रंगाची डबी उघडून जवळ ठेवली.

मागचं दार वाजलं. मिस्तरीणबाई पायरीवर उभ्या होत्या. नवी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या विणायच्या सुया.

"मी सात दहाची धरते," त्या म्हणाल्या.

"पंधरा मिनिटं लागतील फक्त."

"माहीत आहे."

मिस्तरी गाडीखालून अर्धे बाहेर आले. "गाडीत बोल तू. हवं तेवढं. मी गप्प बस म्हणणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता. वर्षानुवर्षं ज्या माणसाला जेवायला वाढलं, त्याच्याकडे बघावं तसं त्या बघत होत्या.

"म्हणणार नाही तुम्ही. पण ऐकाल गाडीचंच. नवा दांडा, पहिला घाट. तुम्हाला नाही जमणार हो."

मिस्तरींना म्हणायचं होतं, जमेल. पण ज्या माणसाने अर्धवट आवळलेल्या नटावर आयुष्यात कधी रेघ मारली नाही, त्याला ते म्हणता येईना. पहिल्या वळणाला कान कुठे जातील हे त्यांना ठाऊक होतं. डोळे कुठे जातील, तेही.

"रांगेत मागे उभी राहीन मी," बाई म्हणाल्या. "यायचं तर या." आणि निघाल्या.

त्या दिवशी बसवर तोच कंडक्टर होता. पुढचं त्याने सांगितलेलं. मिस्तरी बस सुटता सुटता चढले, कामाच्याच शर्टात, हाताला ग्रीस. मागच्या चाकावरच्या सीटवर बायकोशेजारी बसले. वहिनी पहिल्या वळणाला बोलायला लागल्या. काय ते कंडक्टरला ऐकू आलं नाही. बारा-तेराव्या वळणाला मागून धातूचा खडखडाट झाला तेव्हा मिस्तरींनी मान खाली वळवली. वहिनी बोलायच्या थांबल्या. मिस्तरींनी मान परत वर केली. "हं, मग?" असं म्हणाले बहुतेक. सतरावं वळण कधी गेलं ते कंडक्टरलाही कळलं नाही, तो तिकिटं फाडत होता. पण उतरताना त्याने पाहिलं, तर मिस्तरींचा चेहरा, त्याच्या शब्दांत सांगायचं तर, "अपघातातून चालत बाहेर आलेल्या माणसाचा" होता. वहिनींनी त्यांना पिशवी धरायला दिली होती.

त्यांची मापं लिहिलेली भिंत ज्यांना तोंडपाठ आहे अशा आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना हे अजून खरं वाटत नाही. म्हणून एकदा जाऊन पाहिलं. गाडी घोड्यांवरच आहे. आता एक बुधवार सोडून एक मिस्तरी सुट्या भागांच्या बाजारात दिसत नाहीत. तीन लिंकांवर पिवळ्या रेघा आहेत. चौथी, हिच्या बाजूची, खालून अडकवलेली आणि वरून सुटी, एका अंगाला कलून उभी आहे. तिचा नट चादरीवर सगळ्यात लहान पान्याशेजारी ठेवलेला आहे. रंगाच्या डबीला झाकण लावायचं राहून गेलं, त्यामुळे रंग वाळून कडक झालाय, आणि ब्रश त्यात तसाच उभा आहे.