खडूसचा नियम

आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या टेबलांवरचे स्क्रीन एकाच मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले होते. तो सांभाळणाऱ्याला आम्ही खडूस म्हणायचो. एक जरी कारकून काम करत असला, तरी कुणालाच पत्त्यांचा खेळ उघडता येणार नाही, असा नियम त्याने त्यात घालून ठेवला होता. दगडाला पाझर फुटेल, पण याला नाही!

पुढे आम्हाला एकेक करून नारळ मिळाला. खडूस तेवढा उरला.

परवा माझा राहिलेला डबा आणायला गेलो, तर तो मान मोडून काम करत होता. मी सवयीने जुन्या टेबलावर बटण दाबलं आणि चक्क पत्ते उघडले.

"अहो, तुम्ही काम करताय ना? मग हे कसं?"

"नियम घालताना काम करणाऱ्यांत स्वतःला धरायचं राहिलं," तो म्हणाला. "या कॉम्प्युटरच्या हिशेबी इथे कुणीच काम करत नाही. साहेबही काल तेच म्हणाले."