बिनमिठाची चटणी

रविवारी सकाळी आमच्या घरी नाश्ता करत नाहीत. माझं लग्न झाल्यापासून असंच चालू आहे. हे आणि मी मिसळ खायला जातो आणि येताना सासूबाईंसाठी एक बांधून आणतो. घरात आम्ही तिघंच. मी एका दूध संस्थेत हिशेब बघते, त्यामुळे आकड्यांचं मला वावडं नाही. उलट आकडा जुळला नाही तर जेवण गोड लागत नाही.

यंदा थंडी सरत असताना ह्यांचं बीपी वर निघालं. दीडशेवर शहाण्णव. माझ्या सासऱ्यांना बीपीनेच अर्धांगाचा झटका आला होता आणि शेवटची वर्षं त्यांनी खाटेवर काढली होती, म्हणून हा शब्द आमच्याकडे कोणी हसण्यावारी नेत नाही. डॉक्टर म्हणाले, "लगेच गोळी देत नाही. चाला, वजन उतरवा, मीठ कमी करा. श्रावणापर्यंत बघू. नाही उतरलं तर गोळी सुरू."

"मीठ किती?" मी विचारलं.

"कमी म्हणजे कमी."

"तसं नको. आकडा सांगा."

ते हसले. "सगळं धरून माणशी दिवसाला पाच ग्रॅम. सपाट भरलेला एक चहाचा चमचा."

बाहेर पडल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न, "मिसळ बंद का मग?"

"बंद नाही. मोजून."

घरी आल्यावर नियम ठरवला. आठवड्याला मिसळ एकच. वडापाव, भडंग किंवा चायनीजच्या गाडीवरचं काही खाल्लं, की त्या आठवड्याची मिसळ गेली. वरून फरसाण नाही, आणि कट एकदाच. हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड होतं. आमच्याकडे मिसळीचा तो लालभडक रस्सा, म्हणजे कट, मागावा लागत नाही. वाढणारा किटली घेऊन फिरतो आणि ताट कोरडं दिसलं की न विचारता ओततो. ह्यांना तीन वेळा लागायचा. नाही म्हणणारा एकतर आजारी असतो किंवा परगावचा.

घरासाठी मी रोज बारा ग्रॅम मीठ काट्यावर तोलून एका डबीत काढू लागले. माणशी चार, आणि पाचवा ग्रॅम पाव, दही, बिस्किट असल्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून बघायच्या.

"सोनाराकडं कामाला लागलीयास का काय ग?"

"सोन्यापेक्षा तुमचा लेक महाग हाय, आत्ती."

"मग त्येलाच तोलून ठेव की डबीत."

भाजी अळणी लागायची, हे खरं. पण कुणी कुरकुर केली नाही. चव यावी म्हणून ताटात कांदा-लसणाची चटणी जरा जास्त घ्यायची आणि भाकरी मोडायची. तिखटाने मिठाची उणीव भागते, असं आम्ही तिघंही एकमेकांना सांगत होतो.

दोन महिन्यांनी बीपी मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव. ह्यांनी बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या रविवारी गाडीची किल्ली खुंटीवरच राहिली. "मला भूक न्हाय," म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं आणि मग सासऱ्यांच्या फोटोकडे. त्या दिवशी त्यांनी मला सोनारावरून टोमणा मारला नाही.

मी मात्र अडून बसले. डबीतलं मीठ बारा ग्रॅमच्या वर जात नव्हतं, ह्याची मला खात्री होती. मिसळही बंद झाली होती. मग चूक कुठे?

चैत्रात वर्षाची चटणी करायची वेळ आली. नेहमीपेक्षा लवकर करावी लागली, कारण मोठी बरणी यंदा आधीच तळाला गेली होती. गच्चीवर चार किलो मिरची वाळत घातली, निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी. खोबरं, तीळ, धणे भाजून झाले. सासूबाई नेहमीप्रमाणे खाली बसून सांगत होत्या आणि मी तोलत होते.

"आता दीड किलो खडं मीठ काढ."

काढलं. काट्यावर दीड किलोचा आकडा आला आणि माझा हात तिथेच थांबला.

गेल्या वर्षी सगळी चटणी दहा किलो भरली होती. दहा किलोत दीड किलो मीठ. म्हणजे चटणीचा दहा ग्रॅमचा शिगेचा चमचा घेतला, तर त्यात दीड ग्रॅम मीठच. हे अळणी भाजीबरोबर असे दोन चमचे रोज घेत होते. म्हणजे तीन ग्रॅम. भाजीत पडलेल्या चटणीचा आणखी एक ग्रॅम धरा. डबीतले चार आणि हे चार मिळून आठ. मीठ आम्ही डबीतून कमी केलं होतं आणि बरणीतून वाढवलं होतं. बरणी लवकर का संपली, तेही कळलं.

मी सासूबाईंना हिशेब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"अगं, पण त्ये मीठ चटणीचं. जेवणातलं न्हवं."

"पोटात गेल्यावर त्याला काय कळतंय, आत्ती?"

त्यांनी काट्यावरच्या मिठाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मिठाबिगर चटणी ऱ्हात न्हाय. पावसाळ्यात बुरशी धरंल. वरीसभराची चटणी उकिरड्यावर टाकणार हायस?"

हा धोका खरा होता. मीठ काय नुसतं चवीसाठी नसतं; ओल धरू देत नाही म्हणून ते घालतात. मी म्हटलं, थोडी थोडी करू. त्यावर त्या उसळल्या. वर्षाची चटणी थोडी थोडी करणारं घर त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ मिरचीचे देठ खुडत राहिल्या. मग उठल्या आणि पदर खोचला.

"कांदा मी तळणार. तुला जमायचं न्हाय."

त्यांनी कांदा इतका तळला की हातात घेतला तर पापडासारखा मोडावा. लसूण ठेचून उन्हात घातला आणि कडकडीत वाळेपर्यंत उचलू दिला नाही. कोथिंबीर दरवर्षी ओली पडायची, ती यंदा बाद केली. मग आम्ही दोघी चटणी कुटायच्या डंकावर गेलो. लोखंडी मुसळं धडाधडा पडत होती. आमच्या आधीच्या बाईने पाटीत डोकावून विचारलं, "मावशी, मीठ इसरलाय जनू?"

"इसरलो न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात यंदा तोलून खात्यात."

परवापरवापर्यंत ज्या हिशेबाची त्या थट्टा करत होत्या, तो भर डंकावर त्यांनी आपला म्हणून सांगितला. मी पाटी उचलून त्यांच्यापुढे सरकवली.

चटणी मोठ्या बरणीत न भरता लहान बरण्यांत दाबून भरली. प्रत्येकीत हिंगाचे खडे. एक वापरायला बाहेर ठेवली, बाकीच्या फ्रिजमध्ये. आता भाजीत काय मीठ पडेल ते डबीतूनच, दुसरी वाट नाही. ह्यांनी चालणंही सोडलं नाही, रोज पहाटे रंकाळा तलावाला एक फेरी. तेव्हा पुढे जे झालं त्याचं सगळं श्रेय मी चटणीला देणार नाही.

आषाढात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, भिंतींना घाम येतो. अशाच एका दुपारी सासूबाईंनी बाहेरची बरणी मागितली. झाकण काढलं, वास घेतला. चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरली, मग जिभेवर ठेवली.

"हाय," त्या म्हणाल्या. "बेस हाय. जरा मीठ कमी हाय, एवढंच."

श्रावणात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनदा मोजलं. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी.

"काय काय केलंत?"

"चाललो," हे म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हिनं नि आईनं चटणी बदलली."

डॉक्टरांनी मला सगळं सविस्तर विचारलं. गोळी सध्या नको, पण दर महिन्याला मोजायचं, असं ठरलं.

पुढच्या रविवारी किल्ली खुंटीवरून निघाली. नेहमीचं टेबल, नेहमीचा वाढपी. ह्यांनी पहिला घास सावकाश खाल्ला. ताट अर्धं झालं तोच किटली आली.

"पावणं, लई दिसानं. कट घ्या की."

ह्यांनी ताटावर तळहात आडवा धरला.

वाढपी माझ्याकडे बघत म्हणाला, "वैनींचा हुकूम व्हय?"

"हुकूम न्हाय," हे म्हणाले, "हिशेब हाय. आमच्या घरचा."

कोल्हापुरात भरल्या किटलीपुढे हात आडवा धरायला काय लागतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वाढपी पुढच्या टेबलाकडे गेला. ह्यांनी राहिलेल्या पावाने ताट पुसून घेतलं आणि सासूबाईंची मिसळ बांधायला सांगितली.

"कट निम्माच बांधा," ते म्हणाले. "आईबी तोलून खाते."