वडिलांच्या फोनवरून गेलेली पत्रिका

आज लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि त्या हातात घेताच मला वडिलांचा फोन आठवला. काही वर्षांमागं वडील गेले, त्याच आठवड्यात त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाची तरी लग्नपत्रिका आली होती. सुतकामुळं येता येणार नाही हे कळवायचं म्हणून आईनं ती उघडली. ती निघाली व्हायरसची फाईल, उघडताच फोनमधल्या सगळ्या नंबरांना आपोआप गेली. औंढ्याच्या आमच्या ओसरीवर भेटायला येऊन बसलेल्यांचे फोन वाजू लागले. मामा ओरडला, "दाजीच्या नंबरवरून लग्नाचं आवतन काहून येऊन राहिलं?" आई दारात जाऊन थुंकली. "मेलेल्या माणसाला दारोदार फिरवून राहिले, किडे पडतील त्यांना!" पुढं अँटिव्हायरसनं ती घाण ट्रोजन, म्हणजे साध्या फाईलचं सोंग घेतलेला घातक प्रोग्राम, म्हणून ओळखली, पुसून टाकली. आज नातीची पत्रिका आईपुढं धरली, तर हात पदराखाली ओढून ती म्हणाली, "आधी तू उघड."